अरण्यातील बिनतारी जागल
ऊर्जेची काटकसर आणि निरोपाचा भरवसा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील ग्रामीण जनतेचे वर्षाचे वेळापत्रक बऱ्याच अंशी अरण्य ठरविते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची, मे महिन्यात तेंदूपाने तोडावयाची, पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपावयाची आणि हिवाळ्यात सरपणाची तजवीज करावयाची, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. यांतील मोहफुले व तेंदूपाने ही कामे उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी, म्हणजे पहाटेच सुरू होतात. वाघाच्या हालचालीचा काळही तोच. २०२२ या एकाच वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ व बिबट यांच्या हल्ल्यांत पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिलांना एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले.

अशा प्रत्येक घटनेनंतर एकच प्रश्न उभा राहतो. वाघ त्या भागात आहे ही वार्ता पाने तोडणाऱ्यांना आधी कळली असती तर? वार्ता कळविण्याचे साधन आज उपलब्ध आहे. बिनतारी संवेदकांचे जाळे हे ते साधन होय. परंतु अरण्यात या जाळ्यापुढची मुख्य अडचण यंत्राच्या हुशारीची नसून त्याच्या शिदोरीची आहे. झाडाला बांधलेल्या लहानशा पेटीतील विद्युतघट किती दिवस टिकणार, यावर तिची उपयुक्तता अवलंबून असते. म्हणूनच गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या संशोधकांनी या एका विषयावर विशेष परिश्रम घेतले आहेत.

जाळ्याची रचना

संवेदक, म्हणजे ज्याला सर्वसाधारण व्यवहारात सेन्सर म्हणतात तो, परिसरातील एखादा बदल टिपतो. उष्णता, धूर, आर्द्रता, जमिनीची कंपने, ध्वनी किंवा चालत्या प्राण्याच्या अंगातील ऊब यांपैकी काहीही त्याला टिपता येते. असा संवेदक, एक लहान संगणक, एक बिनतारी संच आणि विद्युतघट ही एका पेटीत बसविली की एक ठाणे तयार होते. अशी अनेक ठाणी वनात ठिकठिकाणी बसवून ती एकमेकांशी जोडली म्हणजे जाळे सिद्ध होते. जाळ्याच्या टोकाशी मुख्य केंद्र असते. तेथून निरोप संरक्षण कुटीकडे, वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे किंवा थेट गावकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर जातो.

या क्षेत्रातील आरंभीचे दोन प्रयोग वन्यजीवांशीच संबंधित होते. अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या ग्रेट डक बेटावर २००२ मध्ये पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांची पाहणी करण्यासाठी ३२ ठाण्यांचे जाळे उभारण्यात आले. पक्ष्यांना माणसाचा उपद्रव न होता बिळातील तापमान व आर्द्रता कळावी, हा त्याचा हेतू होता. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी केनियात झेब्र्यांच्या गळ्यात सौरघट असलेले पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे आपापल्या नोंदींची देवाणघेवाण करीत आणि संशोधकांची गाडी जवळून गेली की साचलेल्या नोंदी तिच्याकडे सोपवीत. महाराष्ट्रात भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई, येथील संशोधकांनी नाशिक परिसरातील द्राक्षबागांत असे जाळे वापरून पाहिले. या सर्वांचा अनुभव एकच होता. मोजमाप करणे सोपे, पण ते वर्षभर कळवीत राहणे कठीण.

खर्च कशाचा

ठाण्याच्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. मोजण्यास व हिशेब करण्यास लागणारी ऊर्जा फार थोडी असते. खरा खर्च बिनतारी संचाचा असतो. एक हजार बिट, म्हणजे जेमतेम दोन-तीन वाक्यांइतका मजकूर, जमिनीलगत शंभर मीटर अंतरावर धाडण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात ठाण्यातील संगणक लक्षावधी आज्ञा पार पाडू शकतो, असे अनुमान या शतकाच्या आरंभीच मांडण्यात आले होते. यावरून संशोधनाचे पहिले सूत्र निघाले. दहा वेळा बोलण्यापेक्षा एकदा विचार करून मोजके बोलावे.

दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित आहे. सर्वसामान्य समजूत अशी की संदेश पाठविण्यास अधिक वीज लागते आणि ऐकण्यास फारशी लागत नाही. प्रत्यक्षात अशा ठाण्यांत वापरला जाणारा एक प्रचलित बिनतारी संच पाठविताना सुमारे १७ मिलिअँपिअर, तर ऐकताना सुमारे १९ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेतो. ठाणे पाठविते दिवसातून काही क्षण. परंतु शेजारचे ठाणे केव्हा बोलेल हे ठाऊक नसल्यामुळे ते चोवीस तास कान लावून बसते. बहुतेक ऊर्जा या रिकाम्या ऐकण्यात संपते.

झोपेचे गणित

यावरचा उपाय म्हणजे ठाण्याला झोपविणे. साध्या उदाहरणाने त्याचे महत्त्व ध्यानात येईल. एका ठाण्यात २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा घट आहे आणि ऐकत राहण्यास २० मिलिअँपिअर लागतात, असे धरू. ठाणे अखंड जागे राहिले तर घट १२५ तासांत, म्हणजे सुमारे पाच दिवसांत संपेल. तेच ठाणे दर तासातील केवळ ३६ सेकंद, म्हणजे शेकडा एक इतकाच वेळ जागे राहिले आणि उरलेल्या वेळात एका मिलिअँपिअरच्या शंभराव्या भागावर झोपले, तर सरासरी खर्च ०.२१ मिलिअँपिअरवर येतो. मग तोच घट सुमारे सोळा महिने पुरू शकतो. उष्णतेने होणारी झीज वजा केली तरी पाच दिवस आणि एक वर्ष यांतील हा फरक जाळे चालणार की बंद पडणार हे ठरवितो. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील दुर्गम वनात दर पाच दिवसांनी घट बदलण्यास माणूस पाठविणे शक्य नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ते शक्य आहे.

तथापि झोपलेल्या ठाण्याला निरोप द्यावयाचा कसा? सगळीच ठाणी आपापल्या वेळी झोपू लागली तर बोलणाऱ्याला ऐकणारा मिळणार नाही. यावर दोन मार्ग पुढे आले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत शेजारची ठाणी आपली घड्याळे जुळवून एकाच वेळी उठतात आणि एकाच वेळी झोपतात. बर्कली येथे २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत घड्याळे जुळविण्याची गरज नसते. प्रत्येक ठाणे ठराविक काळाने क्षणभर जागे होऊन हवेत कोणाची हाक आहे काय एवढेच पाहते. ज्याला बोलावयाचे असेल ते ठाणे आपली हाक या दोन जागृतींमधील अंतराहून अधिक काळ लांबविते. म्हणजे ऐकणारा केव्हाही उठला तरी हाक त्याच्या कानी पडते. पहिल्या मार्गात घड्याळे जुळविण्याचा खर्च पडतो, दुसऱ्यात लांब हाकेचा. निरोप क्वचितच द्यावयाचा असेल तेथे दुसरा मार्ग स्वस्त ठरतो. वाघाची वार्ता अशीच क्वचित येणारी आहे.

अंतर, पाने आणि पाऊस

मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. जमिनीलगत परिस्थिती याहून बिकट असते. जमिनीवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरींना छेद देतात आणि दूर अंतरावर घट चौथ्या घाताने होऊ लागते. अंतर दुप्पट झाले की शक्ती एक-षोडशांश उरते. त्यात अरण्याची भर पडते. पानांतील पाणी बिनतारी लहरींची ऊर्जा शोषून घेते आणि कंप्रता जितकी अधिक, तितके हे शोषण सामान्यतः अधिक असते. घरगुती वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, त्या लहरी दाट पर्णराजीत लवकर दमतात. भारतात २००५ पासून अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुल्या असलेल्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी त्या मानाने दूर जातात. लोरा या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच पट्ट्यात चालते. ती निरोप अगदी संथ गतीने पाठविते आणि त्या संथपणाच्या मोबदल्यात अल्प ऊर्जेत काही किलोमीटरचा पल्ला गाठू शकते.

या दोन जिल्ह्यांतील साग हा पानझडी वृक्ष आहे. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो. तेव्हा लहरींची वाट मोकळी असते आणि सौरपत्र्यावर ऊनही भरपूर पडते. पावसाळ्यात सारे उलटते. सागाची रुंद पाने वनाचे छत झाकून टाकतात, ती ओली असतात आणि आकाश दिवसेंदिवस झाकोळलेले असते. म्हणजे ठाण्याचे उत्पन्न घटते त्याच वेळी त्याचा खर्च वाढतो. यास्तव मे महिन्यात यशस्वी ठरलेली चाचणी ऑगस्टमध्ये यशस्वी ठरेलच असे नाही. या भागात उभारावयाच्या जाळ्याची परीक्षा भर पावसाळ्यात घेतली पाहिजे.

हातोहात निरोप

शक्ती चौथ्या घाताने घटत असल्यामुळे एका दमात दूर बोलणे महाग पडते. शंभर मीटरसाठी एक एकक ऊर्जा लागत असेल तर चारशे मीटरसाठी २५६ एकके लागतील. तोच निरोप चार ठाण्यांनी हातोहात पुढे दिला तर पाठविण्याचा खर्च केवळ चार एककांवर येतो. अर्थात हे गणित अपुरे आहे. मधल्या प्रत्येक ठाण्याला ऐकण्यासाठी जागे राहावे लागते आणि त्या जागरणाची किंमत असते. त्यामुळे टप्पे फार आखूड करण्यातही हित नसते. ठाण्यांतील अंतर किती असावे हे त्या त्या ठिकाणी मोजूनच ठरवावे लागते.

हातोहात निरोपात आणखी एक अडचण दडलेली आहे. दूरच्या सर्व ठाण्यांचे निरोप मुख्य केंद्रालगतच्या मोजक्या ठाण्यांतून जातात. परिणामी तीच ठाणी प्रथम थकतात. ती बंद पडली की त्यांच्यामागची ठाणी सुस्थितीत असूनही मुकी होतात. मुख्य केंद्र बहुधा गावालगत असते. म्हणजे गावाला सर्वांत निकटची ठाणीच आधी दगावतात.

यावर २००० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकसन आणि हरी बालकृष्णन यांनी एक पद्धत सुचविली. लीच हे तिचे संक्षिप्त नाव पुढे सर्वत्र रूढ झाले. तीत ठाण्यांचे गट पाडले जातात. गटातील एक ठाणे प्रमुख होते, इतरांच्या नोंदी गोळा करते, त्यांचा गोषवारा काढते आणि तेवढाच पुढे पाठविते. काही काळाने हे प्रमुखपद दुसऱ्याकडे जाते. धानाच्या बांधावर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी गावकरी पाळीपाळीने जागल करतात. सगळ्या रात्रींचा भार एकाच घरावर पडत नाही. याच तत्त्वाचा हा यांत्रिक अवतार म्हणता येईल. पुढे या पद्धतीच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. ज्याच्या घटात अधिक ऊर्जा शिल्लक असेल त्यालाच पाळी द्यावी, ही त्यांतील एक महत्त्वाची सुधारणा होय.

छायाचित्र नव्हे, निष्कर्ष

ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये अस्तित्वात आले. अंधारी अभयारण्याची त्यात भर पडून आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र १,७२७ चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यातील सुमारे १,१०० चौरस किलोमीटर बफर क्षेत्र असून त्यात गावे, शेती आणि वाघ हे एकमेकांना लागून नांदतात. याच प्रकल्पात मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ या गावी २०२३ मध्ये एक नवी व्यवस्था आजमावण्यात आली. गावाच्या वनाकडील बाजूस बसविलेले कॅमेरे हालचाल टिपतात, समोरचा प्राणी कोणता हे संगणकीय बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ओळखतात आणि वाघ असल्यास इशारा देतात. वृत्तपत्रांनी तिला आभासी भिंत असे नाव दिले.

अशा व्यवस्थेत ऊर्जेचा प्रश्न कोठे येतो, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. साधारण एका छायाचित्राचा आकार एक लाख बाइट, म्हणजे आठ लाख बिट धरला आणि संथ बिनतारी मार्गाने सेकंदाला एक हजार बिट जातात असे मानले, तर एक छायाचित्र पोहोचण्यास ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक काळ लागेल. तेवढ्या वेळात वाघ गावात येऊन परतलेलाही असेल. याउलट ‘ठाणे क्रमांक सात, वाघ, पहाटे चार वाजून दहा मिनिटे’ एवढाच निष्कर्ष वीस बाइटांत मावतो आणि तो सेकंदाच्या सहाव्या भागात पोहोचतो. हा फरक पाच हजार पटींचा आहे. म्हणून अलीकडील संशोधनाचा रोख ओळख पटविण्याचे काम ठाण्यातच करून केवळ निर्णय धाडण्याकडे आहे. चितळ, गायी-म्हशी आणि वाऱ्याने हललेल्या फांद्या यांची छायाचित्रे तेथेच बाजूला पडतात.

कॅमेराही सतत जागा ठेवावा लागत नाही. प्राण्याच्या अंगची ऊब ओळखणारा एक अल्पखर्ची संवेदक पहारा देतो आणि काही हालले की कॅमेऱ्याला उठवितो. मात्र येथे चंद्रपूरच्या हवामानाचा विचार करावा लागतो. हा संवेदक प्राण्याची ऊब आणि भोवतालची ऊब यांतील फरक ओळखतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा दिवसाच्या काही घटकांत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि संवेदक आंधळा होतो. थंड प्रदेशात सिद्ध झालेले उपकरण येथे जसेच्या तसे चालेल असे गृहीत धरता येत नाही.

प्राण्याच्या गळ्यातील पट्टा हे तर फिरते ठाणेच. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत केलेला प्रवास अशाच पट्ट्यामुळे उलगडला. सुमारे ३,००० किलोमीटरच्या त्या भ्रमंतीत ५,००० हून अधिक स्थाननोंदी मिळाल्या. या पट्ट्याचा घट संपल्यास तो बदलण्यासाठी वाघाला बेशुद्ध करावे लागते. काटकसरीचे मोल येथे आणखी वाढते.

मौनाचा अर्थ

काटकसरीची ही तत्त्वे एकत्र पाहिली असता जाळ्याने बहुतेक काळ झोपावे आणि क्वचितच बोलावे, असा निष्कर्ष निघतो. परंतु येथेच सर्वांत गंभीर प्रश्न उपस्थित होतो. पहाटे तेंदूपानांच्या वाटेवर निघालेल्या कुटुंबाला कोणताही इशारा मिळाला नाही. याचा अर्थ वाघ नाही असा घ्यावयाचा, की ठाणे बंद पडले आहे असा? निरोगी ठाण्याचे मौन आणि मृत ठाण्याचे मौन बाहेरून अगदी सारखे असते. पहिल्या मौनात सुरक्षितता आहे, दुसऱ्यात जिवाचा धोका. इशाऱ्याची सवय झालेला मनुष्य अशा वेळी नेहमीची खबरदारीही घेईनासा होतो. म्हणजे बिघडलेले जाळे हे जाळे नसण्याहून अधिक घातक ठरू शकते.

यास्तव प्रत्येक ठाण्याने ठराविक वेळी ‘मी जागा आहे, माझ्या घटात इतकी ऊर्जा शिल्लक आहे’ एवढा तरी निरोप दिलाच पाहिजे. हा खर्च वाचविण्याजोगा नाही. तो किती वेळाने करावा हे कामाच्या स्वरूपावरून ठरते. वणव्याच्या जाळ्यात थोडा विलंब खपतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देत आली आहे आणि उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधील काही तासांची पोकळी जमिनीवरील ठाण्यांनी भरून काढावी, एवढीच तेथे अपेक्षा असते. वाघाच्या बाबतीत मात्र दहा मिनिटांची झोपही महागात पडू शकते. म्हणून एकाच जाळ्यात सर्व ठाण्यांना सारखे नियम लावणे योग्य नाही. आतल्या वनातील ठाण्यांनी दीर्घ झोप घ्यावी. गावाच्या, पाणवठ्याच्या आणि तेंदूच्या वाटांवरील ठाण्यांनी हंगामात अधिक जागे राहावे आणि त्यांच्यासाठी मोठे घट व सौरपत्रे राखून ठेवावीत.

निरोपाचा अखेरचा टप्पा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक भागावर वनाचे आच्छादन आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. भ्रमणध्वनीचे मनोरे वाढले असले तरी अनेक वाड्या-वस्त्यांवर अद्याप त्यांचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या इशाऱ्यापेक्षा गावातच वाजणारा भोंगा किंवा पेटणारा दिवा अधिक उपयोगी. ठाण्याकडून भोंग्याकडे जाणारा निरोप स्थानिक मार्गाने गेला तर तो दूरच्या मनोऱ्यावर अवलंबून राहत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने गडचिरोलीत उतरलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने धानपिकाची व घरांची हानी केल्यापासून ही निकड अधिक जाणवू लागली आहे. हत्तीच्या पावलांची कंपने जमिनीतून टिपणारे संवेदक या कामी वापरता येतात आणि पानांचा अडथळा त्यांच्या टिपण्याला होत नाही.

अखेर हे सारे तंत्र माणसांच्या हाती जाऊन थांबते. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील गावांत स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले काम करतात. वनरक्षक बिनतारी संच घेऊन गस्त घालतात. इशारा आला असता कोणी धावावयाचे, कोणती वाट बंद करावयाची, पाने तोडणाऱ्यांना कोणी परत बोलवावयाचे, हे ठरलेले नसेल तर सर्वोत्तम जाळ्याचाही निरोप वाया जाईल. ठाण्याचा घट केव्हा बदलला आणि त्याची जागा कोणती, हे गावातील एखाद्या तरुणालाही ठाऊक असावे. दूरच्या शहरातील तज्ज्ञाची वाट पाहत बंद ठाणे महिनोन्‌महिने झाडावर लटकत राहू नये.

ऊर्जेची काटकसर हा वरकरणी अभियंत्यांचा, आकडेमोडीचा विषय वाटतो. परंतु वाचविलेला प्रत्येक क्षण, टाळलेले प्रत्येक अनावश्यक बोलणे, पहाटे चार वाजता पाठवावयाच्या एका निरोपासाठी राखून ठेवलेले असते. तो निरोप वेळेवर पोहोचला आणि एरवीचे मौन विश्वासाचे ठरले, तर तेंदूची टोपली घेऊन निघालेली माउली दुपारी सुखरूप घरी परतेल.